लाइट दिसला, बंडी नाई

"तुमचा लाइट त मले फाट्यापासून दिसून राह्यला होता, सर. मंग तुमाले बंडी काऊन नाई दिसली?"

एवढंच विचारलं त्यानं. आवाज चढवला नाही, शिवी हासडली नाही. डिसेंबरातली रात्र, दिग्रसहून आर्णीकडे येणारा रस्ता, कापसानं शिगोशीग भरलेली बंडी आणि तिच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर येऊन थांबलेली आमची गाडी. ब्रेकसरशी इंजिन बंद पडलं होतं. धुरकरी खाली उतरला, बैलांच्या मानेवरून हात फिरवून त्यांना शांत केलं आणि मग मागं आला. त्यानं वाकून आधी एक दिवा पाहिला, मग दुसरा. डोळ्यांवर हात न धरता, सरळ दिव्यात डोळे घालून पाहिला. धडक्या दिव्यात माणसाला असं पाहता येत नाही. आमच्यात येत होतं.

तो भांडला असता तर मीही भांडलो असतो. बंडीला मागून रेडियम का नाही, कंदील का नाही, रात्रीचा कापूस कशाला काढता, हे सगळं माझ्या ओठांवर तयार होतं. पण त्याला भांडायचं नव्हतं, त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. उत्तर मिळेना म्हटल्यावर तो जाऊन जुवाजवळ बसला, बैलांना हाकललं, आणि बंडी कुरकुरत पुढं गेली. शेजारी बसलेली बायको तेवढंच म्हणाली, "बरोबर विचारलं त्यांनी."

पुढचे कित्येक दिवस हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण त्यात जे होतं ते मी इतकी वर्षं गाडी चालवून कधी नीट वेगळं केलं नव्हतं. लांबून दिसणं आणि लांबचं दाखवणं ही दिव्याची दोन कामं आहेत, आणि पहिलं काम कुठलाही दिवा करतो. नुसता उघडा बल्ब काळ्याकुट्ट शिवारात मैलभरावरून दिसेल. पण त्याच्या उजेडात पंचवीस पावलांवरचा बैल दिसणार नाही. आमची गाडी त्या रात्री दोन उघडे बल्ब घेऊन फिरत होती, एवढाच त्याचा अर्थ.

गाडी सासऱ्यांची. प्रीमियरची वन वन एट एनई. एनई म्हणजे निसान इंजिन, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. अंग फियाटचं, हृदय जपानी आणि पत्ता कुर्ल्याचा. नव्वदीच्या दशकात त्यांनी ती नागपुरातून जुनीच घेतली. ते जनावरांचे डॉक्टर. तालुक्यातल्या कुठल्या गावात कुठली गाय अडली की रात्री-बेरात्री निरोप यायचा आणि गाडी निघायची. त्या काळी गोठ्यात लाइट असली तरी ती नेमकी त्याच वेळी गेलेली असे. मग गाडी गोठ्याकडे तोंड करून उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि हेडलाइटच्या उजेडात वासरू ओढायचं. लग्नानंतर एकदा मी त्यांच्यासोबत गेलो होतो. कुडाच्या फटीतून उजेडाच्या पट्ट्या आत आल्या होत्या, त्यात भुसा तरंगत होता, सासऱ्यांचा हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात. शेवटी वासराची दोन खुरं त्या पट्टीत ओली चमकली. घरमालकानं आधी गाईला, मग डॉक्टरांना आणि शेवटी गाडीच्या बॉनेटला हात लावून नमस्कार केला. मला हसू आलं होतं. सासऱ्यांना आलं नाही.

परत येताना वाटेत रोही आडवे गेले होते. आधी रस्त्याच्या कडेला हिरवट ठिपक्यांच्या जोड्या पेटल्या आणि मग त्यांच्यामागून अंगं उगवली. सासऱ्यांनी गाडी हळू केली आणि सांगितलं, त्यांच्या डोळ्यांत पडद्यामागं एक चकचकीत थर असतो. डोळ्यातून निसटलेला उजेड तो थर परत पडद्यावर फेकतो, म्हणून त्यांना अंधारात दिसतं आणि आपल्याला ते चमकताना दिसतात. गाय, बैल, बकरी, हरीण, मांजर, कुत्रा, सगळ्यांना तो असतो. माणसाला नाही. आणि डुकरालाही नाही. "म्हणून रात्री रोह्यापेक्षा रानडुकराची भीती जास्त," ते म्हणाले, "तो उजेडाला उत्तर देत नाही." जागलीला जाणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. बॅटरी फिरवली आणि तुरीत काही चमकलं नाही, पण खसफस झाली, की ते माळ्यावरून खाली उतरत नाहीत.

बंडीचे दोन बैल म्हणजे चार डोळे, पण ते पुढं पाहणारे. मागून येणाऱ्याला उरतो तो पोत्यांचा, पऱ्हाटीच्या काडीकचऱ्याचा मळकट ढीग, जो उजेड पिऊन टाकतो. तिथं गाडीच्या दिव्यालाच सगळं काम करावं लागतं.

सासरे गेल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या लिंबाखाली काही पावसाळे नुसती उभी होती. मग बायकोनं हट्टानं ती चालती करवून घेतली. इंजिन, ब्रेक, टायर, सगळं झालं. दिवे "लागतात" म्हणून ते सोडून दिले होते. बंडीच्या त्या रात्रीनंतर मात्र मी मिस्तरीला म्हटलं, दिवे उघड. मागचं रबरी टोपण फाटलेलं होतं, त्यातून पाणी आत जात राहिलं होतं. पाणी बाहेर पडायला जे छिद्र ठेवलेलं असतं ते कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकलेलं. काचेभोवती कोणीतरी पूर्वी एकदा सिलिकॉन भरलेलं होतं, ते पात्यानं कापत कापत काच सुटी केली. आतला रिफ्लेक्टर हातात आला तेव्हा त्याच्यात माझा चेहरा दिसायला हवा होता. तळाशी तपकिरी गंज होता, तव्यावर करपलेल्या भाकरीला येतात तसे फोड आलेला. नख लावलं की फोड फुटायचा आणि खाली लाल पूड. त्याच्या कडेनं पांढुरकी भुकटी, ती अॅल्युमिनियमची राख. आणि वर, बल्बच्या अगदी डोक्यावर, गंज नव्हता पण धुरकट, किंचित निळसर झाक होती. तिथला थर पाण्यानं नाही, तापानं गेला होता. मधल्या काळात कोणीतरी उजेड वाढावा म्हणून नव्वद-शंभर वॅटचे बल्ब बसवले होते. होल्डरचं प्लास्टिकही वितळून एका बाजूला कललेलं.

शाळेत अंतर्गोल आरसा शिकवताना मी दरवर्षी सांगतो, याचा उपयोग मोटारीच्या दिव्यात होतो. पोरं लिहून घेतात. पण दिव्यातला आरसा नुसता गोल नसतो, तो अन्वस्त असतो. अन्वस्ताच्या नाभीवर उजेडाचा ठिपका ठेवला की त्यातून निघालेला प्रत्येक किरण आरशावर आपटून समांतर होऊन बाहेर पडतो, जवळपास कुठंही न पसरता. बल्बची तार काही मिलिमीटर लांबीची. ती नाभीवर असली तर रस्ता, थोडी सरकली तर झाडांचे शेंडे. एच-फोर बल्बमध्ये अशा दोन तारा असतात, एक ६० वॅटची अप्परला, दुसरी ५५ ची डिपरला. डिपरच्या तारेखाली एक चिमुकली पत्र्याची वाटी असते. त्या वाटीमुळं डिपरचा उजेड खाली पडतच नाही, तो फक्त वरच्या अर्ध्या आरशावर जातो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. म्हणजे तळ गंजला तर अप्पर मार खातो, आणि माथा गेला तर डिपर. पाणी नेहमी तळाशी साचतं, म्हणून जुन्या गाड्यांचा बहुधा तळच जातो आणि डिपरवर वर्षानुवर्षं भागतं. आमच्याकडं मात्र तळ पाण्यानं नेला होता आणि माथा जास्तीच्या उजेडाच्या हौसेनं.

मिस्तरी म्हणाला, "नवीनच टाकून देऊ ना, सर." अॅम्बेसेडर असती, जीप असती, बुलेट असती तर तसंच केलं असतं. त्यांचा सात इंची गोल दिवा कुठल्याही तालुक्याच्या दुकानात पत्र्याच्या खोक्यात धूळ खात पडलेला असतो. एनईचा दिवा चौकोनी, त्याची बैठक वेगळी, आणि गाडीच बंद होऊन इतका काळ लोटला की यवतमाळचा दुकानदार नाव ऐकून आधी गाडीच आठवू लागला. त्यानं गाडीची आठवण फुकट दिली, दिवा नव्हता.

मग सल्ले सुरू झाले. बसस्टँडजवळचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, एलईडी टाका, दिवस उजाडतो. दिवस उजाडतो हे खरं, पण कोणाच्या डोळ्यांत, हा प्रश्न आहे. तारेच्या बल्बसाठी घडवलेल्या आरशात एलईडीची चिप घातली की तिचे उजेडाचे तुकडे नाभीवर नेमके बसतीलच असं नाही, आणि जे सरकतात ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात. चालवणाऱ्याला बॉनेटच्या पुढं पांढराफेक सडा पडलेला दिसतो, तो खूश. समोरचा सायकलवाला कच्च्यात उतरून उभा. माझ्या भाच्यानं मोटरसायकलला तसला दिवा लावलाय आणि त्याच्यासमोरून पायी येण्यापेक्षा मी गुडघाभर गाजरगवतातून जाईन. दुसऱ्यानं सांगितलं, हार्डवेअरच्या दुकानातला चांदी कलर मारा. रंग चांगला चकाकतो, पण त्यातले कण वेड्यावाकड्या तोंडांनी बसलेले असतात. ते उजेड परत करतात, पण चारी दिशांना. भिंत उजळायला ते ठीक आहे. तिसऱ्यानं पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा चिकटवून दाखवला. त्यातल्या प्रत्येक सुरकुतीनं आपापला रस्ता दाखवला असता.

आणि एक सल्ला असा, जो सगळे जण मोठ्या आपुलकीनं देतात: टूथपेस्ट लावून घासा. काच असेल तर घासा. रिफ्लेक्टरवरचा अॅल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका असतो. असे सात-आठशे थर एकावर एक रचले तर कुठं माणसाच्या केसाची जाडी होईल. कोरड्या फडक्यानंही त्याच्यावर ओरखडे उठतात. टूथपेस्टनं तो स्वच्छ होतो हे अगदी खरं, पूर्णपणे स्वच्छ होतो, खाली कोरा पत्रा उरतो.

मला स्वतःला आधी कल्हई आठवली. आमच्या लहानपणी वाड्यासमोर कल्हईवाला बसायचा, भाता फुंकायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा तिखट धूर उठायचा आणि मग कापसाच्या बोळ्यानं तो कथील फिरवायचा. काळं पातेलं एका फेऱ्यात चंद्र व्हायचं. ते पाहताना आम्ही शाळा बुडवायचो. पण कल्हईत तोंड दिसत नाही, आकार दिसतो. बोळ्याच्या फेऱ्यांच्या रेघा तिच्यात राहतात. आणि आता कल्हईवालाही राहिला नाही. क्रोम करावं म्हटलं, सायलेन्सरला करतात तसं, तर क्रोम दिसायला कितीही झगझगीत असलं तरी पडलेल्या उजेडाचा सुमारे तिसरा हिस्सा गिळतं. अॅल्युमिनियम दहा-बारा टक्के गिळतं. चांदी सगळ्यात उदार, ती पाचच टक्के ठेवून घेते. जुन्या काळच्या मोटारींच्या पितळी रिफ्लेक्टरना म्हणूनच चांदीचं पाणी चढवलेलं असे. इथवर आल्यावर मन साहजिकच खामगावला गेलं. चांदी म्हटली की वऱ्हाडातल्या माणसाला दुसरं गाव सुचत नाही. दोन दिवस मी चांदीच्या दिव्यांची गाडी चालवायचं स्वप्न पाहत होतो. बायकोनं ते एका वाक्यात उतरवलं: "देवघरातलं निरांजन दर महिन्याला काळं पडतं, ते कोण घासतं?" हवेतल्या गंधकानं चांदी काळवंडते, आणि रिफ्लेक्टरच्या आत चिंच घेऊन कोण जाणार?

या बाबतीत आमच्या आधी मोठमोठी माणसं हैराण झालेली आहेत. दुर्बिणींचे आरसेही पूर्वी चांदीचेच असत आणि पुन्हा पुन्हा चांदी चढवावी लागे. कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर १०० इंची आरशाची प्रचंड दुर्बीण आहे. जॉन स्ट्राँग नावाच्या संशोधकानं निर्वात पेटीत अॅल्युमिनियमची वाफ करून ती काचेवर बसवायची रीत बसवली आणि १९३५ साली त्या आरशावर चांदीच्या जागी अॅल्युमिनियम आलं. अॅल्युमिनियम हवा लागली की क्षणात स्वतःवर एक पारदर्शक कवच चढवून घेतं, म्हणून काळं पडत नाही. दिग्रस रोडवरच्या बंडीचा प्रश्न आणि आकाशगंगेचा प्रश्न एकाच पेटीत सुटतो, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं.

तशी पेटी नागपुरात सापडली, एमआयडीसीतल्या एका गल्लीत. त्यांचं रोजचं काम म्हणजे अत्तराच्या बाटल्यांची झाकणं, खेळणी आणि कबड्डीच्या सामन्यांत वाटायचे प्लास्टिकचे सोनेरी कप. माझे दोन रिफ्लेक्टर पाहून मालक म्हणाले, "हे आमचं काम नाही," आणि मग एक उचलून खिडकीकडं धरला, वळवला, आणि खाली ठेवला नाही. तिथंच मला कळलं की हे होणार. त्यांनी अट घातली की गंज माझा मी काढून आणायचा. गावी येऊन जुना थर आणि रंग काढला, पॉलिश पेपर जाडाकडून बारकाकडं नेत पत्रा घासला. मिस्तरीचा पोऱ्या शेवटी कंटाळून म्हणाला, "सर, आता यात भांग पाडता येते." तरी तो चकचकीतपणा खोटा होता. गंजानं पत्र्यात बारीक खड्डे पाडले होते. खरा गुळगुळीतपणा पत्र्याला नसतोच, तो वरच्या लाखेचा. पत्र्यावर आधी एक लाख फवारतात, भट्टीत भाजतात, ती वितळून आपली आपण समतल होते आणि तिच्यावर मग अॅल्युमिनियम बसतं.

पेटीचं काम मला पाहू दिलं. एक मोठं पोलादी पिंप, पुढं गोल काचेची खिडकी. आत कबड्डीच्या कपांच्या रांगेत आमचे दोन रिफ्लेक्टर तारेनं अडकवलेले. मधोमध टंगस्टनच्या वेटोळ्या आणि प्रत्येक वेटोळ्यात अॅल्युमिनियमच्या तारेचे लहानसे आकडे. दार लागलं, पंप सुरू झाले, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. हवा उपसायलाच वेळ लागतो. आत हवा उरली तर अॅल्युमिनियमचे कण वाटेत तिच्यावर आपटून भरकटतात. ती नसली की सरळ रेषेत जाऊन समोर जे असेल त्याच्यावर बसतात. शेवटी मालकांनी वीज सोडली. वेटोळी तांबडी झाली, मग पिवळी, मग पाहवेना. आतले आकडे वितळले, तारेवर पसरले, नाहीसे झाले. काही सेकंदांत खिडकीची काच आतून चंदेरी झाली आणि तिच्यात मला माझंच नाक दिसू लागलं. दार उघडल्यावर मी हात पुढं केला तर मालक एवढ्या जोरात "हात नाही!" म्हणाले की शेजारच्या कारखान्यातला माणूस डोकावला. अजून वरची पारदर्शक लाख चढायची होती. तोवर तो थर बोटाच्या घामालाही उघडा.

जोडणीत सगळ्यात मोठं शहाणपण मला सिलिकॉननं शिकवलं. दुकानात सर्रास मिळतं ते सिलिकॉन लावताना शिरक्याचा आंबट वास येतो. तो वास म्हणजे खरोखरच अॅसिटिक आम्ल, आणि काच बंद केल्यावर ते आतल्या आत अॅल्युमिनियम खात बसतं. पूर्वीच्या कोणी भरलेलं सिलिकॉनही बहुधा तसलंच असावं. बिनवासाचं, न्यूट्रल जातीचं मिळतं, ते शोधून आणावं लागलं. बल्ब पुन्हा ६०/५५ चेच. मीटर लावून पाहिलं तर बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आणि बल्बच्या पायाशी बारालाही टेकत नव्हते. बाकीचे जुन्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये जिरत होते. तारेच्या बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी पडले की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. इतकी वर्षं लोक जाड बल्ब घालत आले आणि मूळ दुखणं बारीक वायरीत होतं. दोन रिले आणि जाड वायर टाकली. मिस्तरीनं फाटलेल्या टोपणांच्या जागी नवी रबरं बसवली, पाण्याचं छिद्र काडीनं मोकळं केलं आणि त्याच्यावर बारीक जाळीचा तुकडा लावला, कुंभारणीसाठी.

दिव्यांची दिशा बसवायला जिनिंगची मागची भिंत निवडली, कारण गावात तेवढी सरळ भिंत दुसरी नाही. दिवेलागणीला गाडी दहा मीटरवर उभी केली. भिंतीवर दिव्याच्या उंचीची खडूची रेघ आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिपरची कड या दुसऱ्या रेघेवर बसली पाहिजे, म्हणजे उजेड पुढं जाताना हळूहळू उतरत राहतो, समोरच्याच्या डोळ्यांत चढत नाही. सरकी वाहणाऱ्या बाया थांबल्या, पोरं जमली. मिस्तरीनं दिवे लावले आणि भिंतीवर कापल्यासारखी आडवी कड उमटली. खाली उजेड, वर अंधार, आणि मधोमधून डावीकडं ती कड तिरपी वर चढत गेलेली. एका पोरानं विचारलं, "सर, ते इकडून वाकडं काऊन हाय?" वाकडं नाही, मुद्दाम आहे. आपण डावीकडून चालतो. समोरून येणारा उजवीकडं, त्याच्या डोळ्यांसाठी तिकडची कड खाली. डाव्या कडेला पायी माणूस, सायकल, ढोरं आणि बंडी, म्हणून तिकडं उजेड वर. ज्यानं कोणी ही तिरपी रेघ पहिल्यांदा आखली, त्यानं रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्याचा विचार केला होता. तीच रेघ आमच्या गाडीत पुसून गेली होती.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला नीट लागत नाही. आम्ही लहान असताना फाट्यावर शेवटच्या एसटीची वाट पाहत उभे राहायचो आणि लांबच्या उजेडावरून गाडी ओळखायचो. एसटीचे दिवे पिवळट आणि एक कायम दुसऱ्यापेक्षा मंद. ट्रकच्या दिव्यांवर वरच्या बाजूला काळा रंग मारलेला. एकच दिवा हलत आला तर तो ट्रॅक्टर की बुलेट यावर पैज. तेव्हा कोणालाच फार दिसत नव्हतं आणि सगळे बेतानं चालवत. आता समृद्धीवर कारंज्याजवळ रात्री चढलं की पांढऱ्या दिव्यांची रांग, सगळे एकाच जातीचे, आणि खाली उतरून आपल्या रस्त्याला लागलं की काही क्षण डोळ्यांपुढं नुसता काळोख. ते दिवे चांगले आहेत, माझेही आता चांगले आहेत. पण उजेड वाढला की पायही आपोआप जड होतो. साठच्या वेगानं गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. जेवढं पुढचं दिसू लागलं, तेवढं मी वेगात खर्च करून टाकतो की काय, असं वाटतं.

परवा रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला पाणी द्यायला दोघं शेतात निघालो होतो. अरुणावतीचा पूल ओलांडला. डाव्या कडेचा एक एक लिंब, त्याच्या बुंध्याचा पांढरा-गेरूचा पट्टा, खांबावरचा नंबर, सगळं वाचता येत होतं. मी म्हटलं, बघ, केवढं दिसतंय. बायको काट्याकडं पाहत होती.

"अहो, सत्तर," ती म्हणाली. "बाबांचे जुने दिवे होते तेव्हा चाळीसच्या वर जात नव्हते तुम्ही."

मी पाय काढला. साठवर आलो. तिनं आणखी थोडा वेळ काट्यावरची नजर हलवली नाही.